मेटॅलिक व्हिनाइलवर इको-सॉल्व्हंट प्रिंट: फिल्म ओळखण्यापासून पाटीवर चिकटवण्यापर्यंत

पांढऱ्या व्हिनाइलवर सुरेख उतरणारी फाइल जशीच्या तशी चंदेरी फिल्मवर सोडली की लाल मरगळतो, पिवळा सोनेरी होतो आणि फोटोतले चेहरे काळवंडतात. यात मशीनचा दोष नसतो. इको-सॉल्व्हंट, म्हणजे सौम्य द्रावकावर आधारलेल्या शाईचे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा हे चारही रंग कमीअधिक पारदर्शक असतात. प्रकाश शाईतून आत जातो, खालच्या पृष्ठभागावरून परत फिरतो आणि तोच आपल्याला रंग म्हणून दिसतो. खाली पांढरं असेल तर प्रकाश सगळीकडे सारखा विखुरतो. खाली धातू असेल तर तो बहुतांशी एकाच दिशेला परततो. त्या दिशेला उभं राहिलं की रंग झळकतो, दोन पावलं सरकलं की तोच रंग गडद पडतो. त्यामुळे या कामाचा निकाल बराचसा प्रिंटचं बटण दाबण्याआधीच लागलेला असतो. फिल्म कोणत्या जातीची आहे आणि डिझाइनमध्ये धातू नेमका कुठे दिसू द्यायचा, या दोन गोष्टी आधी पक्क्या करा.

आधी फिल्म ओळखा

बाजारात सिल्व्हर, गोल्ड, क्रोम, ब्रश अशा नावांनी मिळणाऱ्या रोलमध्ये निदान तीन वेगवेगळ्या वस्तू असतात.

पहिली म्हणजे मेटॅलिक पीव्हीसी, म्हणजेच व्हिनाइल. इथे पीव्हीसीच्या थरातच अॅल्युमिनियमचे किंवा अभ्रकाचे बारीक कण मिसळलेले असतात. चमक मऊ असते, आरशासारखं प्रतिबिंब दिसत नाही. इको-सॉल्व्हंट शाईतले ग्लायकॉल इथर जातीचे द्रावक पीव्हीसीला किंचित मऊ करतात, शाईतलं रेझिन आणि रंगकण त्यात रुततात आणि द्रावक उडून गेला की पकड पक्की होते. या कामाला नव्याने हात घालणाऱ्याने याच फिल्मपासून सुरुवात करावी.

दुसरी म्हणजे मेटलाइज्ड पॉलिएस्टर. पीईटीच्या (पॉलिएस्टरचंच दुसरं नाव) पातळ फिल्मवर निर्वातात अॅल्युमिनियमची वाफ बसवून ती बनवतात. धातूचा हा थर मायक्रॉनच्या काही शतांशांइतकाच असतो, तरी त्यात चेहरा दिसतो. पीईटीला इको-सॉल्व्हंट मऊ करू शकत नाही. वर शाईसाठी खास कोटिंग दिलेलं असेल तरच शाई धरते. कोटिंग नसलेल्या रोलवर प्रिंट छान दिसतं, वाळल्यासारखंही वाटतं आणि दुसऱ्या दिशी नखाने सोलून निघतं.

तिसऱ्या गटात क्रोम पीव्हीसी आणि होलोग्राफिक फिल्म येतात. धातूचा थर यांतही असतो, पण वरचा चेहरा पीव्हीसीचा की पॉलिएस्टरचा हे नावावरून कळत नाही. दुकानदार सांगतो त्यावर विसंबू नका, दोन मिनिटांत स्वतः तपासा. एका कोपऱ्याची पट्टी मागच्या रिलीज पेपरवरून सोलून दोन्ही हातांनी ओढा. पीव्हीसी ताणली जाते आणि ताणलेलीच राहते. पीईटी ताणाला दाद देत नाही, आणि कडेला चीर पडली की सरळ फाटत जाते. मग दुसऱ्या कोपऱ्यावर मशीनच्या क्लीनिंग सोल्युशनचा एक थेंब टाका, मिनिटभर थांबा आणि कापडाने पुसा. जागा चिकट किंवा निस्तेज झाली तर पृष्ठभाग द्रावकाला प्रतिसाद देतोय, म्हणजे शाईही पकडेल. थेंब पुसल्यावर पृष्ठभाग आधीइतकाच लखलखीत राहिला तर त्या रोलवर प्रिंट घेऊ नका.

शेवटची खात्री प्रत्यक्ष प्रिंटवर होते. फिल्मच्या तुकड्यावर शंभर टक्के निळा, किरमिजी, पिवळा, काळा आणि दोन-दोन रंग एकत्र केलेले चौकोन छापा. २४ तास थांबा. मग धारदार कटरने हलक्या हाताने एक-एक मिलिमीटर अंतरावर ११ उभ्या आणि ११ आडव्या रेषा मारा, वर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात मागे ओढा. एएसटीएम डी ३३५९ या मानकातली जाळीची चाचणी अशीच असते. चिकटपट्टीवर रंगाचे चौकोन आले तर फिल्म नापास. चौकोन फक्त दोन रंगांच्या भागातून निघाले तर फिल्म ठीक आहे, पण शाई जास्त पडतेय किंवा अजून ओली आहे.

खोली आणि रोल

खोलीचं तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ४० ते ६० टक्के असावी. हे आकडे सगळ्याच इको-सॉल्व्हंट कामाला लागू आहेत, पण मेटॅलिकवर चूक लपत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतला ओलावा सहज ८० टक्क्यांच्या वर जातो. रोलच्या मागचा कागदी रिलीज पेपर तो शोषतो, फुगतो आणि कडेला लाटा उठतात. लाट उठली की शाई सोडणारं हेड फिल्मला घासतं. पावसाळ्यात रोल प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवा, काम संपलं की परत गुंडाळून बंद करा, आणि शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा लेप असलेल्या रिलीज पेपरची फिल्म मागवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात अडचण उलटी असते. हवा कोरडी असते, पॉलिएस्टर रोल उलगडताना स्थिर वीज साठते, धूळ ओढली जाते आणि शाईचे बारीक तुषार अक्षरांच्या कडेबाहेर उडतात. मशीनचं अर्थिंग तपासून घ्या आणि खोलीत ह्युमिडिफायर लावा. तो नसेल तर कूलर चालेल, पण त्याचा झोत मशीनवर येऊ देऊ नका.

रोल आडवा, दोन्ही टोकांना आधार देऊन किंवा उभा ठेवा. एकावर एक रचलेल्या रोलवर चपट्या पट्ट्या उमटतात. पांढऱ्या फिल्मवर त्या दिसत नाहीत, क्रोमवर मात्र आरशातल्या घडीसारख्या उठून दिसतात. गोदामातून आणलेला रोल छापण्याआधी एक दिवस मशीनच्याच खोलीत राहू द्या.

हाताळताना नायट्रिलचे किंवा स्वच्छ सुती हातमोजे घाला. बोटाच्या तेलाचा ठसा छपाईआधी दिसत नाही, शाई पडली की त्याच आकाराचा डाग उमटतो. पीव्हीसी फिल्म आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसून पूर्ण सुकू द्या. कोटिंग असलेली पॉलिएस्टर फिल्म पुसू नका, अल्कोहोलने कोटिंगच जायचं. तिच्यावरची धूळ चिकट रोलर फिरवून काढा.

फाइल: धातू कुठे दिसणार?

इथे वेळ द्या. मेटॅलिक व्हिनाइल हे चंदेरी कागद समजून डिझाइन करायचं असतं. तुमच्या फाइलमध्ये जिथे पांढरं आहे तिथे छपाईत काहीच पडणार नाही, म्हणजे तिथे धातू दिसेल. पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाचा फोटो या फिल्मवर चंदेरी सदऱ्यात येतो. एका कोनातून तो ठीक वाटतो, पण दुसऱ्या कोनातून धातू काळा पडतो आणि फोटोच्या उजळ जागा सावलीपेक्षा गडद दिसू लागतात. जवळपास निगेटिव्ह. म्हणून फोटो, त्वचेचे रंग आणि ज्यांची छटा काटेकोर ठरलेली आहे असे लोगो थेट धातूवर छापू नयेत.

थेट धातूवर शोभतात ते भरीव, गडद, मोठ्या क्षेत्रफळाचे रंग. चंदेरी फिल्मवर सुरुवातीला हे आकडे (टक्क्यांत) घ्या आणि तुमच्या शाईप्रमाणे पुढेमागे करा:

सोनेरी: किरमिजी २०, पिवळा ७०.
तांबूस: निळा ५, किरमिजी ५०, पिवळा ७०.
गुलाबी सोनं: किरमिजी ३५, पिवळा ३५.
धातुई निळा: निळा १००, किरमिजी ५०.
गडद लाल: किरमिजी १००, पिवळा १००, काळा १०.

नुसता १०० टक्के काळा धातूवर काळा दिसत नाही, बंदुकीच्या नळीसारखा राखाडी दिसतो. पाहिजे तर तो परिणाम मुद्दाम वापरा, फार देखणा असतो. खरा काळा हवा असेल तर निळा, किरमिजी, पिवळा प्रत्येकी ४० आणि काळा १०० घ्या. बेरीज २२० होते. ती शाईच्या मर्यादेत बसते का ते पुढे पाहू.

दहा टक्क्यांखालच्या फिक्या छटा टाळा. चकचकीत पृष्ठभागावर सुटे सुटे ठिपके रंग म्हणून दिसत नाहीत, धूळ बसल्यासारखे वाटतात. शून्यापर्यंत विरत जाणारा ग्रेडियंट याच कारणाने शेवटच्या इंचात घाण दिसतो. तो १५ टक्क्यांवर थांबवा किंवा तिथे स्वच्छ कड द्या.

जिथे धातू नको तिथे खाली पांढरी शाई लागते. मशीनमध्ये पांढरी शाई असेल तर क्रम आधी पांढरा, वर रंग असा ठेवा. रिप सॉफ्टवेअरमध्ये (फाइल मशीनला कळेल अशा ठिपक्यांत बदलणारं सॉफ्टवेअर) पांढऱ्या थरासाठी ठरावीक नावाचा स्पॉट कलर, म्हणजे चार रंगांपलीकडचा वेगळा रंग, असतो. त्या नावाचं स्पेलिंग, मोठी-लहान अक्षरं आणि मधल्या खुणा तंतोतंत तशाच हव्यात, नाहीतर रिप त्याला साधा रंग समजून चार रंगांत छापून टाकतं. पांढरा थर वरच्या रंगापेक्षा कडेने किंचित आत घ्या. एकाच फेरीत पांढरा आणि रंग छापणाऱ्या मशीनवर ०.१ ते ०.१५ मिलिमीटर पुरतं. फिल्म मागे घेऊन दुसऱ्या फेरीत रंग छापणार असाल तर ०.२ ते ०.३ ठेवा, कारण पॉलिएस्टर मागे-पुढे जाताना थोडं सरकतंच.

देवनागरीसाठी इथे वेगळी काळजी लागते. कड ०.३ मिलिमीटर आत घेतली म्हणजे प्रत्येक रेषा दोन्ही बाजूंनी मिळून ०.६ मिलिमीटर बारीक होते. लहान आकारात अनुस्वाराचा टिंब, रफार, उकाराचं शेपूट यांच्याखालचा पांढरा पार नाहीसा होतो आणि एका शब्दात भक्कम रंगाची अक्षरं व चंदेरी टिंब असं विचित्र मिश्रण तयार होतं. साधारण १५ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरांना पांढरा थर देऊच नका. अक्षरं गडद रंगात थेट धातूवर घ्या, किंवा पूर्ण शब्दामागे एक पांढरी पट्टी द्या. जुन्या देवनागरी फॉन्टमधला मजकूर फाइल पाठवण्याआधी कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषांत, बदला, नाहीतर रिपमध्ये जोडाक्षरं तुटतात.

पांढऱ्याची टक्केवारीही कामाला येते. १०० टक्के पांढऱ्यावर लाल साधा लाल दिसतो, शून्यावर धातुई. मध्ये ४० टक्क्यांवर मोत्यासारखी झाक असलेला लाल मिळतो. एकाच फिल्मवर तिन्ही दाखवता येतात, आणि मेटॅलिक फिल्म घेण्याचं खरं समाधान तिथेच आहे.

पांढरी शाई नसलेल्या चार रंगांच्या मशीनवरही रस्ता आहे. ज्या भागाला धातू नको तो साध्या पांढऱ्या व्हिनाइलवर छापा, आकारात कापा आणि मेटॅलिक पाटीवर वर चिकटवा. लोगो आणि फोटोसाठी ही पद्धत पांढऱ्या शाईपेक्षाही स्वच्छ दिसते, कारण चांगल्या व्हिनाइलइतकी अपारदर्शक पांढरी शाई एका थरात क्वचितच मिळते.

ग्राहकाची मंजुरी स्क्रीनवर घेऊ नका. स्क्रीन धातू दाखवू शकत नाही. प्रत्यक्ष फिल्मवर वीतभर नमुना छापून द्या आणि तो जिथे लागणार आहे त्या उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी पाहायला सांगा.

मशीनवर फिल्म चढवताना

आरशासारखी फिल्म सेन्सरला फसवते. कड शोधणारा सेन्सर परत येणाऱ्या प्रकाशावर चालतो. क्रोमवर प्रकाश भलत्याच दिशेला जातो, आणि मशीन फिल्म नाहीच म्हणतं किंवा रुंदी चुकीची मोजतं. मेनूमध्ये कड ओळखण्याची सोय बंद करा आणि रुंदी हाताने भरा. ती सोय बंद होत नसेल तर फिल्मच्या सुरुवातीला आणि दोन्ही कडांना मॅट पांढरी चिकटपट्टी लावा. पट्टी पातळ आणि पूर्ण दाबलेली असावी, हेड तिच्यावरूनच जाणार आहे. सेन्सरची सोय बंद केली की रोल संपल्याचा इशाराही मिळणार नाही, हे लक्षात ठेवा. लांबी आधी मोजा.

पिंच रोलरचा, म्हणजे फिल्म दाबून धरणाऱ्या चाकांचा, दाब कमी करता येत असेल तर करा, आणि मधले रोलर शक्य तितके उचलून ठेवा. त्यांचे माग क्रोमवर कायमचे राहतात. जे रोलर ठेवावेच लागतील ते डिझाइनच्या बाहेर किंवा दोन कामांच्या मधल्या जागेत येतील असे मांडा. दोन्ही कडांना मीडिया क्लॅम्प (कड दाबून धरणाऱ्या पातळ पट्ट्या) लावा. हेड आणि फिल्म यांतलं अंतर १.५ ते २ मिलिमीटर ठेवा. कडा उठत असतील तर अंतर वाढवा, पण मग तुषार वाढतात आणि बारीक अक्षरांच्या कडा मऊ होतात. त्यापेक्षा आधी कडा का उठतायत ते शोधा. बहुतेक वेळा हीटर जास्त असतो किंवा फिल्म तिरकी चढलेली असते.

नॉझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का हे दाखवणारा नमुना, क्रोमवर वाचता येत नाही, पिवळा तर दिसतच नाही. त्यासाठी पांढऱ्या व्हिनाइलचा तुकडा फिल्मवर तात्पुरता चिकटवा आणि त्यावर नॉझल चेक घ्या. पांढऱ्या शाईचं नेमकं उलट आहे, तिचा नॉझल चेक मेटॅलिकवर किंवा काळ्या व्हिनाइलवरच घ्यावा लागतो. पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं आणि तळाला बसतं. रोज सकाळी कार्ट्रिज हलवा, शाई फिरवत ठेवणारी सोय मशीनमध्ये असेल तर ती कधी बंद करू नका. पांढरा पडलाय पण विरळ वाटतोय अशी तक्रार आली की नॉझलच्या आधी साठलेल्या शाईचा संशय घ्या.

फीड, म्हणजे फिल्म दर वेळी किती पुढे सरकते ते, मात्र प्रत्यक्ष फिल्मवरच जुळवा, कारण पॉलिएस्टर आणि पीव्हीसी रोलरवर वेगवेगळी सरकतात. फीडचा नमुना काळ्या रंगात छापला की क्रोमवरही वाचता येतो.

तापमान, पास आणि शाईची मर्यादा

मेटॅलिक पीव्हीसीला सुरुवात अशी करा: आधीचा हीटर ३८, प्रिंट हीटर ४०, नंतरचा ४८ अंश. कोटिंगच्या पॉलिएस्टरला प्रिंट हीटर ३५ पासून सुरू करून दोन-दोन अंशांनी वाढवा. तापमान कमी पडलं तर भरीव रंगात ढग दिसतात, म्हणजे थेंब वाळण्याआधी एकमेकांत वाहून गुठळ्या होतात. तापमान जास्त झालं तर थेंब पसरायच्या आत सुकतो, पृष्ठभाग खरखरीत आणि निस्तेज होतो, फिल्म प्लॅटनवर (हेडखालच्या सपाट पाटावर) बोगद्यासारखी उठते आणि नॉझल सुकू लागतात. ढग दिसले की लगेच उष्णता वाढवण्याचा मोह होतो. त्याआधी पास (एकाच जागेवरून हेडच्या फेऱ्या) वाढवा, म्हणजे प्रत्येक थेंबाला वाळायला वेळ मिळतो.

रिझोल्यूशन ७२० गुणिले १४४० ठिपके दर इंचाला, ८ ते १२ पास, एकाच दिशेने छपाई. दोन्ही दिशांनी छापलं तर डावीकडून आणि उजवीकडून येताना रंगांचा क्रम उलटतो, आणि धातूच्या चमकेवर हा फरक पट्ट्यांच्या रूपात दिसतो. वेग निम्म्यावर येतो हे खरं, पण मेटॅलिक फिल्मचा चौरस फूट महाग असतो आणि पट्टे आलेलं काम कोणी घेत नाही.

शाईची एकूण मर्यादा मेटॅलिक पीव्हीसीला २२० टक्के, कोटिंगच्या पॉलिएस्टरला १८० टक्के इथून सुरू करा. पीव्हीसी काही द्रावक पोटात घेते. पॉलिएस्टर घेत नाही, सगळा द्रावक वरूनच उडावा लागतो. मघाचा २२० टक्क्यांचा काळा पॉलिएस्टरवर म्हणूनच बसत नाही. तिथे तीन रंग प्रत्येकी २५ आणि काळा १०० घ्या, बेरीज १७५. मर्यादा योग्य आहे का हे पाहण्यासाठी भरीव चौकोन छापून मशीनमधून बाहेर येताच त्यावर बोट हलकेच टेकवा. शाई बोटाला आली तर मर्यादा १५ टक्क्यांनी कमी करा.

रंगाच्या प्रोफाइलबद्दल (त्या फिल्मवर शाईचे रंग कसे उतरतात हे रिपला सांगणारी फाइल) एक सामान्य चूक टाळा. दुकानात मिळणारं रंग मोजायचं स्पेक्ट्रो उपकरण बहुधा ४५/० भूमितीचं असतं, म्हणजे ४५ अंशांतून प्रकाश टाकून सरळ वरून मोजणारं. आरशासारखा परतलेला प्रकाश ते मुद्दाम टाळतं. त्यामुळे लखलखीत चांदी त्याला गडद राखाडी वाटते, आणि त्यावरून बनवलेलं प्रोफाइल रंग भलतीकडे नेतं. मेटॅलिकवर प्रोफाइल मोजत बसू नका. त्याच शाईचं, त्याच रिझोल्यूशनचं ग्लॉस पांढऱ्या व्हिनाइलचं प्रोफाइल घ्या, त्यात शाईची मर्यादा बदला आणि प्रत्यक्ष फिल्मवर रंगांचा तक्ता छापा. प्रत्येक रंग २० टक्क्यांच्या पायऱ्यांनी, दोन-दोनांच्या जोड्या आणि वरचे पाच मिश्ररंग, एवढं एका ए-४ मध्ये बसतं. तक्त्यावर फिल्मचं नाव, बॅच, तापमान आणि पास लिहून भिंतीला लावा. पुढचे रंग डोळ्यांनी त्या तक्त्यावरून निवडायचे.

मेटॅलिक आणि ब्रश फिल्मला दिशा असते. एकच पाटी तीन पट्ट्यांत छापून त्यातली एक १८० अंशांत उलटी लावली तर तिचा रंग शेजारच्या पट्ट्यांशी कधीच जुळत नाही. रिपमध्ये जागा वाचवण्यासाठी कामं आपोआप फिरवण्याची सोय असते. मेटॅलिक लावलं की ती बंद करा, आणि एका पाटीच्या सगळ्या पट्ट्या एकाच बॅचच्या रोलवर, एकाच दिशेने छापा.

वाळवणं

छापल्यावर हाताला कोरडी लागणारी शाई आतून ओली असते. पीव्हीसीला लॅमिनेशनआधी (वर पारदर्शक संरक्षक फिल्म चढवण्याआधी) किमान २४ तास, भरीव गडद कामाला आणि पॉलिएस्टरला ४८ तास द्या. रोल घट्ट गुंडाळून ठेवला तर द्रावकाला बाहेर पडायला वाट उरत नाही. प्रिंट टांगा, किंवा सैल गुंडाळून रोल उभा ठेवा आणि त्यातून पंख्याची हवा खेळू द्या. धातूचा थर इन्फ्रारेड उष्णता परावर्तित करतो, म्हणून दिव्याच्या ड्रायरपेक्षा वाहती हवा इथे जास्त उपयोगी. खोलीत हवा येती-जाती हवीच, आणि जवळ ज्योत नको.

घाई केली तर अडकलेला द्रावक खाली जाऊन गोंद मऊ करतो. परिणाम लगेच दिसत नाही. आठवड्याभराने कडा गुंडाळतात आणि लॅमिनेशनखाली बोगदे उठतात.

लॅमिनेशन आणि कटिंग

मॅट लॅमिनेशन धातूची चमक मारतं. ग्लॉसच वापरा. कास्ट (द्रव ओतून बनवलेल्या) फिल्मवर कास्ट, कॅलेंडर केलेल्या (रोलरांत दाबून बनवलेल्या) पॉलिमेरिक फिल्मवर पॉलिमेरिक लॅमिनेट लावा. स्वस्त मोनोमेरिक लॅमिनेट आकसतं आणि खालची फिल्म कडेने ओढतं. लॅमिनेटखाली राहिलेली सूक्ष्म हवा पांढुरक्या धुरकटपणासारखी दिसते, आणि गडद धातुई रंगावर ती सगळ्यात आधी डोळ्यांत भरते. रोलरचा दाब दोन्ही टोकांना सारखा आहे का पाहा, वेग कमी करा, सोय असेल तर वरचा रोलर ४० अंशांपर्यंत तापवा. ब्रश फिल्मच्या खाचांत हवा राहतेच. तिथे मऊ गोंदाचं लॅमिनेट लागतं, किंवा आतल्या भागातल्या कामाला लॅमिनेशन न करणं बरं.

कटिंगच्या खुणा क्रोमवर सेन्सरला दिसत नाहीत. खुणांच्या जागी आधी मॅट पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यावर छापा, किंवा पांढऱ्या शाईचा चौकोन आणि त्यावर काळी खूण द्या. वरून ग्लॉस लॅमिनेट येणार असेल तर खुणांवर ते येऊ देऊ नका. तेही जमत नसेल तर लेझर पॉइंटरने खुणा हाताने जुळवा.

पीव्हीसीला ४५ अंशांचं ब्लेड चालतं. जाड लॅमिनेट केलेल्या कामाला ६० अंशांचं घ्या. पॉलिएस्टर पातळ पण चिवट असतं, त्यावर नवं ब्लेड, कमी वेग आणि थोडा जास्त दाब. दाबाचा आकडा मशीनगणिक वेगळा, म्हणून चौकोन कापून पाहा: चौकोन सहज सोलला जावा आणि रिलीज पेपरवर हलका ओरखडा राहावा, पेपर आरपार कापला जाऊ नये. देवनागरी शब्द शिरोरेखेमुळे एकसंध सुटतो, पण टिंब, चंद्रकोर आणि कधीकधी मात्रा सुट्या राहतात. ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरं उचलून पाटीवर नेणारी चिकट फिल्म) लावताना ते रिलीज पेपरवर मागे राहिले नाहीत ना, हे प्रत्येक शब्दाला तपासा. पीव्हीसी लेझर मशीनवर कधीही कापू नका, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते.

चिकटवताना आणि नंतर

क्रोम फिल्म खालच्या पृष्ठभागाची प्रत्येक खोड दाखवते. एसीपी (अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनल) शीटवरचा धुळीचा एक कणही वरून फोडासारखा दिसतो. पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने, मग अल्कोहोलने पुसा. नव्या अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट शीटमधून काही दिवस वायू बाहेर पडत राहतो आणि फिल्मखाली फुगे येतात, म्हणून शीटवरचं संरक्षक कव्हर काढून ती आधी मोकळी राहू द्या. मोठी क्रोम पट्टी ओल्या पद्धतीने लावा: एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब, दोन्ही बाजूंना फवारा, स्क्वीजीला (पाणी-हवा दाबून काढायच्या पट्टीला) फेल्टची कड, मधून बाहेर. क्रोम ताणू नका. पीव्हीसीचं क्रोम ताणलं की धुरकट होतं, पॉलिएस्टर तर वळणावर बसतच नाही. सपाट जागाच निवडा.

मेटलाइज्ड फिल्मच्या कापलेल्या कडेतून पाणी आत शिरलं की अॅल्युमिनियमचा थर कडेपासून विरघळत जातो आणि पारदर्शक किंवा काळसर किनार दिसू लागते. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. बाहेर लावायच्या कामाला शक्यतो कण मिसळलेली मेटॅलिक पीव्हीसी द्या. क्रोमच हवं असेल तर लॅमिनेट फिल्मच्या कडेबाहेर ३ ते ५ मिलिमीटर येऊ द्या आणि पाटीवर दाबून कड बंद करा. ग्राहकाला पाटी देताना पुसण्याची सूचना लिहून द्या: अमोनिया असलेलं काच पुसण्याचं द्रव वापरायचं नाही, सोड्याचं पाणीही नाही, कारण अल्कली अॅल्युमिनियम खाते. साधं पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड.